एक नंबरचा रस्ता की पाच नंबरचा?

भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आले, की बे एरियातल्या मराठी घरांत एक वाद हमखास होतो. लॉस एंजेलिसला जायचं ठरलेलं असतं, डबे भरलेले असतात, आणि मग प्रश्न निघतो, कुठून जायचं? घरातला एक जण म्हणतो, समुद्राकाठच्या ‘वन’ने जाऊ, तो रस्ता बघायला लोक जगभरातून येतात. दुसरा म्हणतो, ‘फाइव्ह’ने सहा तासांत पोचू, दहा-बारा तास गाडीत कोण बसणार, बाबांचे गुडघे बघा. शेवटी बऱ्याचदा निकाल गुडघ्यांच्या बाजूने लागतो.

आज या दोन रस्त्यांचीच गोष्ट सांगणार आहे. कारण एक रस्ता निसर्ग बघण्यासाठी आणि दुसरा वेळ वाचवण्यासाठी बांधला, असं आपण धरून चालतो. पहिल्या रस्त्याच्या बाबतीत तरी ते खरं नाही.

सुरुवात करावी लागते १७६९पासून. गास्पार दे पोर्तोला नावाचा स्पॅनिश अधिकारी सॅन डिएगोहून मॉन्टेरेच्या शोधात निघाला. मॉन्टेरेचा उपसागर विझकाइनो या दर्यावर्द्याने १६०२मध्ये जहाजावरून पाहिला होता आणि त्याचं भरपूर कौतुक लिहून ठेवलं होतं. पोर्तोलाची माणसं आणि खेचरं किनारा धरून उत्तरेकडे सरकत होती. सप्टेंबरच्या मध्यावर, आजच्या सॅन सिमियनच्या थोडं पुढे, वाट संपली. सांता लुसियाचे डोंगर तिथे सरळ पाण्यात उतरतात. मधे पुळण नाही, सपाटी नाही. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधलं कोकण कोणी काढून घेतलं तर जे उरेल, ते डोळ्यांसमोर आणा.

पोर्तोलाने मग किनारा सोडला, डोंगर चढला आणि पलीकडे सॅलिनास नदीच्या खोऱ्यात उतरला. वाटेत तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना मदत केली, हे त्या मोहिमेच्या रोजनिशांमध्ये नोंदलेलं आहे. खोऱ्यातून तो मॉन्टेरेला पोचला आणि गंमत म्हणजे त्याला मॉन्टेरे ओळखूच आलं नाही. वर्णन वाचलं होतं जहाजावरून केलेलं, आणि हा आला होता जमिनीकडून. तो तसाच पुढे चालत राहिला आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्या माणसांना सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर दिसला. आपण आज जिथे घरांचे हप्ते भरतो आहोत, ती जागा युरोपियनांना सापडली ती अशी, मुक्कामाचं ठिकाण ओलांडून पुढे गेल्यामुळे.

डोंगर टाळण्याचा पोर्तोलाचा हा निर्णय पुढची दीडशे वर्षं कोणी बदलला नाही. मिशनांना जोडणारा ‘एल कामिनो रिआल’ सॅन लुईस ओबिस्पोपासून आतच वळला. आजचा ‘वन-ओ-वन’ साधारण त्याच वाटेने जातो. १८७६मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस रेल्वेने जोडले गेले ते आणखी आतून, सेंट्रल व्हॅलीतून. टेहाचापीचा घाट चढताना गाडी स्वतःच्याच शेपटीवरून जाते, असं वेटोळं तिथे केलं आहे. ते काम प्रामुख्याने चिनी मजुरांनी केलं. आपल्या बोरघाटातून रेल्वे चढली ती त्याच्या तेरा वर्षं आधी. तिथेही हजारो मजूर गेले आणि त्यांची नावं कुठे नाहीत. पुढे १९०१मध्ये सदर्न पॅसिफिकची ‘कोस्ट लाइन’ पूर्ण झाली. नाव कोस्ट, पण सॅन लुईस ओबिस्पोच्या उत्तरेला तीसुद्धा खोऱ्यातूनच धावते.

मग डोंगर आणि समुद्र यांच्यातल्या त्या तुकड्याचं काय झालं? मॉन्टेरेचे स्पॅनिश लोक त्याला नुसतं ‘दक्षिणेकडचा मोठा मुलूख’ म्हणत. त्यातूनच ‘बिग सर’ हे नाव आलं. तिथले मूळ रहिवासी एसेलेन. त्यांना मिशनांमध्ये नेलं गेलं आणि तिथे रोगराईने, उपासमारीने त्यांची संख्या झपाट्याने घटली. नंतर थोडे अमेरिकन कुटुंबवाले तिथे वसले. गुरं पाळायची, रेडवुड तोडायचं, कातडी कमावण्यासाठी ओकची साल काढायची, चुना भाजायचा. हा माल बाहेर जायचा कसा? बोटीने. छोट्या खाडीत जहाज उभं राहायचं आणि कड्यावरून तारेने माल खाली सोडायचा.

कोकणातल्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला मुंबईचा रस्ता म्हणजे समुद्रच होता. भाऊच्या धक्क्यावरून बोट, बंदरात पडावात उतरायचं, पडावातून किनाऱ्याला. आणि समुद्र हाच रस्ता असला, की त्याचं मोलही समुद्रच ठरवतो. १७ जुलै १९४७ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. माझ्या आजीच्या बोलण्यात ‘रामदासच्या साली’ हा काळ मोजण्याचा एक टप्पाच होता.

बिग सरच्या रस्त्याची कल्पनासुद्धा एका बुडालेल्या बोटीतूनच आली. १८९४मध्ये ‘लॉस एंजेलिस’ नावाची आगबोट पॉइंट सरच्या दीपगृहाजवळ खडकावर आपटली. मॉन्टेरेतले डॉक्टर जॉन रॉबर्ट्स यांना बोलावणं गेलं. छोट्या घोडागाडीतून, खाचखळग्यांच्या वाटेने, सुमारे तीस मैल जाऊन ते पोचले आणि जखमींवर उपचार केले. एरवीही या भागातल्या रोग्यांना, बाळंतिणींना बघायला ते जायचे. मधल्या काळात माणूस दगावला तर डॉक्टर काय करणार? तिथे धड रस्ता हवा, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. १८९७मध्ये त्यांनी मॉन्टेरेपासून दक्षिणेकडे तो सगळा किनारा पायी पालथा घातला, नकाशे केले, फोटो काढले. त्यांचा अंदाज होता पन्नास हजार डॉलर खर्चाचा. (सरकारी कामांचे अंदाज किती चुकतात हे आपल्याला ठाऊक आहे, पण हे डॉक्टर त्या सगळ्यांच्या पुढचे निघाले.)

पुढे एल्मर रिग्डन नावाच्या राज्य सिनेटरने हा विषय लावून धरला. १९१९मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी पंधरा लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली. किनाऱ्याच्या संरक्षणासाठी रस्ता हवा, असाही युक्तिवाद होता. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं, त्यामुळे तो लोकांना पटला. देखावा सुंदर आहे म्हणून पैसे द्या, असं म्हटलं असतं तर किती मतं पडली असती कोण जाणे.

काम १९३७पर्यंत चाललं. मजूर मिळेनात, म्हणून सॅन क्वेंटिन तुरुंगातले कैदी आणले. त्यांच्यासाठी डोंगरात छावण्या उभारल्या. तुटपुंजी मजुरी आणि शिक्षेत थोडी सूट, एवढ्यावर ही माणसं कड्याला सुरुंग लावत होती. फोडलेला दगड सरळ खाली समुद्रात लोटला जाई. कार्मेलला राहणारे कवी रॉबिन्सन जेफर्स यांना हा रस्ता मुळीच आवडला नव्हता. डोंगराची ती चिरफाड बघितली असती, तर आपल्यालाही आवडला नसता.

ज्या पुलावर आज आपण सगळे गाडी थांबवून फोटो काढतो, तो बिक्सबी पूल १९३२मध्ये झाला. सातशे चौदा फूट लांब, दरीच्या तळापासून अडीचशे फुटांहून उंच, आणि खर्च सुमारे दोन लाख डॉलर. त्याच्या आधी दरीला वळसा घालून आतल्या जुन्या रस्त्याने जावं लागे आणि हिवाळ्यात तो रस्ता चिखलाने बंद असे. पूल बांधणाऱ्यांसमोर दोन पर्याय होते, लोखंड किंवा काँक्रीट. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंडाची देखभाल फार करावी लागते, म्हणून काँक्रीट घेतलं. आपण त्या कमानीच्या डौलाचं कौतुक करतो, तिच्यामागे हा गंजाचा हिशेब आहे.

जून १९३७मध्ये कार्मेल ते सॅन सिमियन हा रस्ता खुला झाला. डॉक्टर रॉबर्ट्स तेव्हा हयात होते आणि समारंभाला हजर होते, ही मला या सगळ्या कहाणीतली फार समाधानाची गोष्ट वाटते. चाळीस वर्षं वाट पाहिली होती त्यांनी.

आता दुसऱ्या रस्त्याकडे वळू. १९५६मध्ये आयझेनहॉवर यांच्या सहीने इंटरस्टेटचा कायदा झाला. सेंट्रल व्हॅलीत तेव्हा मोठा रस्ता होता तो ‘नाइन्टी-नाइन’. मोडेस्टो, फ्रेझ्नो, बेकर्सफील्ड ही सगळी गावं त्याच्यावर. साहजिकच वाटेल, की त्यालाच रुंद करतील. पण नवा रस्ता खोऱ्याच्या पश्चिम कडेने न्यायचं ठरलं. तिकडून अंतर कमी, जमीन मोकळी, आणि मधे गावंच नाहीत. गावं नाहीत हीच त्या रस्त्याची गुणवत्ता! १९७२मध्ये पश्चिम कडेचा हा लांब पट्टा सुरू झाला आणि १९७९मध्ये ‘फाइव्ह’ मेक्सिकोच्या हद्दीपासून कॅनडाच्या हद्दीपर्यंत सलग झाला.

त्या रस्त्याला कंटाळवाणा म्हणायची पद्धत आहे. मीही म्हणत आले आहे. कोअलिंगाजवळ गुरांचा प्रचंड गोठा आला, की गाडीतली मुलं नाकाला हात लावून ओरडतात, आणि केटलमन सिटीला चहा प्यायला थांबल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. पण रस्त्याच्या बाजूने वाहणारा तो सरळ कालवा कधी नीट बघितला आहे का? तो कॅलिफोर्निया ॲक्विडक्ट. उत्तरेचं पाणी दक्षिणेच्या शेतांना आणि शहरांना नेणारा. रस्ता आणि कालवा साधारण एकाच काळात बांधले गेले. दोन्ही बाजूंची बदामाची आणि पिस्त्याची झाडं त्या पाण्यावर उभी आहेत. जायकवाडी आणि उजनी बघत वाढलेल्या माणसाला हे दृश्य कंटाळवाणं वाटायला नको.

आणि सरळ रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता, असंही नाही. २९ नोव्हेंबर १९९१ला, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, कोअलिंगाजवळ ‘फाइव्ह’वर धुळीचं वादळ आलं. दुष्काळाची वर्षं, बाजूची शेतं पडीक, माती सुटी झालेली. समोरचं दिसेनासं झालं आणि शंभरावर गाड्या एकमेकींवर आदळल्या. सतरा माणसं गेली. हिवाळ्यात त्या खोऱ्यात दाट धुकं उतरतं, तेव्हाही तीच भीती असते.

साठच्या दशकात समुद्राकाठच्या रस्त्याचंही भवितव्य पणाला लागलं होतं. त्याला चौपदरी फ्रीवे करावं, असे बेत चालले होते. मॉन्टेरे काउंटीतल्या लोकांनी आणि तिथले सिनेटर फ्रेड फार यांनी उलट बाजू घेतली. राज्यात निसर्गरम्य महामार्गांचा कायदा झाला आणि बिग सरचा रस्ता त्याखालचा पहिला ठरला. १९६६मध्ये लेडी बर्ड जॉन्सन बिक्सबी पुलाजवळ त्याच्या समारंभाला आल्या होत्या. म्हणजे डॉक्टरांसाठी, बंदोबस्तासाठी बांधलेल्या रस्त्याला ‘देखावा’ हे काम तीस वर्षांनी मिळालं. शिवाय तोवर घाईच्या माणसांसाठी आत दुसरा रस्ता होऊ घातला होता. ‘फाइव्ह’ झाला नसता, तर ‘वन’ दोन पदरी राहिला असता का, मला शंका आहे.

पण डोंगराने काही मान्य केलेलं नाही. १९३७पासून तो रस्ता वरचेवर समुद्रात जातो आहे. २०१७च्या पावसात फायफर कॅन्यनचा पूल खचला आणि पाडावा लागला. बिग सरचे दोन तुकडे झाले. मुलं शाळेत जायला जंगलातल्या पायवाटेने चढत-उतरत होती. त्याच मे महिन्यात मड क्रीकची दरड इतकी कोसळली, की किनाऱ्याचा आकारच बदलला. तिथून रस्ता परत सुरू व्हायला जुलै २०१८ उजाडला. जानेवारी २०२३मध्ये पॉल्स स्लाइड आणि ती निस्तरते तोवर २०२४मध्ये रीजंट्स स्लाइड, त्यामुळे २०२३ ते २०२५ ही तीन वर्षं कार्मेलहून केंब्रियाला त्या रस्त्याने सलग जाताच आलं नाही. इतका पैसा या रस्त्यात किती काळ घालायचा, असा प्रश्न दर दरडीनंतर विचारला जातो. विचारणारे बहुतेक दुसरीकडे राहतात. तिथल्या माणसाला त्याच रस्त्याने दवाखान्यात जायचं असतं, डॉक्टर रॉबर्ट्सच्या काळासारखंच.

याच किनाऱ्यावरची आणखी एक बातमी २०२० सालची आहे. लिटल सर नदीजवळची सुमारे बाराशे एकर जमीन एसेलेन लोकांना परत मिळाली. राज्याच्या अनुदानातून ती विकत घेतली गेली.

तर मंडळी, मागच्या आठवड्यात एका काकांचा फोन आला होता, बहीण आणि मेहुणे नागपूरहून येताहेत, कुठून नेऊ? काका, आधी कॅलट्रान्सच्या साइटवर रस्ता चालू आहे का ते बघा. चालू असला तर जाताना ‘वन’ने जा, येताना नको. दक्षिणेकडे जाताना तुमची गाडी समुद्राच्या बाजूच्या पदरात असते, त्यामुळे बहिणीला खिडकीतून थेट पाणी दिसेल आणि थांब्याला वळताना समोरून येणारी गाडी आडवी येणार नाही. मधे एक रात्र केंब्रियात किंवा सॅन लुईस ओबिस्पोत मुक्काम करा. पेट्रोल कार्मेललाच भरून घ्या, पुढे ते महाग आहे आणि फोनला रेंजही नाही. घाट लागतो त्यांच्यासाठी आवळा सुपारी बरोबर ठेवा. परत येताना ‘फाइव्ह’. मेहुणे शेतीतले आहेत असं तुम्ही म्हणालात, त्यांना तो कालवा दाखवा.