जिभेला चावणारी तंबाखू

वाचकहो, तंबाखू मळताना चुना जरा जास्त झाला म्हणजे काय होते, हे तुमच्यापैकी कित्येकांना मी सांगायला नको. जीभ चरचरते, ओठाच्या आतली कातडी सोलवटते, आणि मग दोन दिवस भाकरीबरोबर साधा ठेचा खायचा म्हटला तरी डोळ्यांत पाणी उभे राहते. पाइप ओढणाऱ्या साहेब लोकांचीही हीच तक्रार, आणि ती आजची नव्हे, चांगली चारशे वर्षांची आहे. एका प्रकारची तंबाखू भरली की जीभ पोळते, दुसऱ्या प्रकारची भरली की काही होत नाही. बरे, एकाच पुड्यातली दोघांनी ओढली तरी एकाची जीभ सोलते आणि दुसरा मजेत धूर सोडीत बसतो! ही एवढीशी तक्रार दूर करण्यासाठी माणसाने काय काय केले आणि त्यातून काय काय उभे राहिले, त्याची ही हकीकत आहे.

आधी कारण पाहू. पाइपचा धूर जिभेला दोन तऱ्हांनी छळतो. एक म्हणजे उष्णतेने. पान ओलसर असले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ थेट जिभेच्या शेंड्यावर येते. घाईघाईने झुरके मारणाऱ्याची जीभ पोळते ती यामुळे. साखर जास्त असलेले पान तर तापतेही चटकन. दुसरी तऱ्हा रासायनिक. सावलीत वाऱ्यावर वाळवलेल्या काही पानांचा धूर चुन्याच्या गोत्रातला असतो, म्हणजे शास्त्राच्या भाषेत अल्कधर्मी. आपण तंबाखूला चुना लावतो तो उगीच नाही. चुन्यामुळे पानातले निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या अस्तरातून सरळ रक्तात उतरते. पाइपच्या अल्कधर्मी धुराचेही तसेच. तो छातीत घ्यावा लागत नाही, तोंडात घोळवला तरी तलफ भागते. मात्र जीभ चुरचुरते ती त्यामुळेच. एवढे ध्यानात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आता अमेरिकेत चला. १६०७ साली इंग्रजांनी व्हर्जिनियात जेम्सटाउन येथे वसाहत केली. सोने सापडेना, धान्य पिकेना, उपासमारीने माणसे पटापट मेली. तिथल्या मूळच्या पोव्हाटन लोकांकडे तंबाखू होती, पण ती वेगळ्या जातीची, बुटकी आणि उग्र. १६१० साली तेथे गेलेल्या विल्यम स्ट्रेची नावाच्या गृहस्थाने ती हलकी आणि चवीला चावरी असल्याचे नमूद केले आहे. पाहा, ‘चावरी’ हीच तक्रार! लंडनच्या बाजारात त्या वेळी स्पॅनिश मुलखातल्या गोडसर तंबाखूला भाव होता. ही चावरी तंबाखू तिथे कोण घेणार?

तेव्हा जॉन रॉल्फ नावाच्या एका वसाहतवाल्याने कुठूनसे स्पॅनिश मुलखातले बियाणे मिळवले आणि १६१२ च्या सुमारास व्हर्जिनियाच्या मातीत लावून पाहिले. पीक आले, इंग्लंडला गेले, आवडले. १६१७ साली सुमारे २०,००० पौंड तंबाखू जहाजावर चढली. वसाहत जगली ती या पानावर. पुढची गोष्ट मात्र कडू आहे. तंबाखू जमिनीचा कस फार लवकर खाते. म्हणून दरवर्षी नवी जमीन हवी, ती पोव्हाटन लोकांची घेतली. राबायला माणसे हवीत, तर १६१९ साली आफ्रिकेतून धरून आणलेली पहिली वीसएक माणसे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आली. लंडनकरांच्या जिभेला मऊ लागणाऱ्या पानाची किंमत अशी भलत्यांनीच मोजली.

पान मऊ झाले तरी उष्णता राहिलीच. तिच्यावर इंग्लंड-हॉलंडमधल्या कुंभारांनी इलाज काढला, तो नळी लांब करण्याचा. त्या काळचे पाइप पांढऱ्या मातीचे. आरंभी नळी वीतभर आणि वाटी बोराएवढी, कारण तंबाखू महाग. पुढे तंबाखू स्वस्त झाली, तशी वाटी मोठी झाली आणि नळी हातभर लांब. धूर तेवढा प्रवास करून येईपर्यंत निवतो. शिक्षक वाचकांसाठी येथे एक गंमत सांगून ठेवतो. नळी जसजशी लांबली, तसतसे तिचे भोक बारीक झाले. १९५४ साली हॅरिंग्टन या अमेरिकन संशोधकाने जुन्या वस्त्यांच्या उत्खननात सापडलेले नळ्यांचे तुकडे मोजले. सतराव्या शतकाच्या आरंभी भोक इंचाच्या चौसष्ट भागांपैकी नऊ भाग, तर अठराव्या शतकाच्या अखेरीस चारच भाग! तेव्हापासून उत्खनन करणारे लोक मातीच्या मोडक्या नळीवरून वस्तीचा काळ अजमावू लागले. राजांची नाणी सापडोत न सापडोत, सामान्य माणसाच्या पोळलेल्या जिभेने इतिहासाला कालगणनेचे एक साधन दिले.

हीच युक्ती आपल्या दख्खनेत नव्हती असे मात्र समजू नका. १६०४ साली अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबाराहून परतला, तो तंबाखू घेऊन. बरोबर बादशहासाठी तीन हात लांब, जडावाची नळी होती. बादशहाने कुतूहलाने दोन-चार झुरके घेतले. हकीम आडवा आला. आपल्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, गुण ठाऊक नाहीत, ओढू नये, असे त्याचे म्हणणे. असद बेगाने उलट वाद घातला की, प्रत्येक गोष्ट पहिल्यांदा नवीच असते. दरबारात वाहवा असद बेगाची झाली, सरदारांनी तंबाखू उचलली, बादशहाने मात्र ती सवय लावून घेतली नाही. माझे मत विचाराल तर त्या दिवशी हकीमच बरोबर होता. १६१७ साली जहांगिराने बंदीही घातली, पण तोवर तंबाखू फार दूरवर गेली होती.

पुढे गुडगुडी आली. तिच्यात धूर पाण्यातून जातो, म्हणून थंड होतो. तंबाखूत गूळ मिसळतात, म्हणून तिखटपणा मरतो. आणि ज्याला गुडगुडी परवडत नाही त्याची चिलीम! माझे आजोबा चिलीम ओढीत. आत तळाशी एक खडा आणि खाली भिजवलेल्या फडक्याची छापी. मी लहानपणी ती छापी विहिरीवरून भिजवून आणीत असे. छापी कोरडी पडली की म्हातारा ओरडायचा, “अरे, जीभ भाजली माझी!” त्या वेळी मला ती नुसती कटकट वाटे. आता कळते की त्या ओल्या चिंधीचे आणि लंडनच्या हातभर नळीचे काम एकच होते.

पण धुराच्या स्वभावातच फरक पडला तो १८३९ साली, आणि तो घडवला एका गुलामाने. उत्तर कॅरोलिनातल्या कॅसवेल परगण्यात अबिशा स्लेड नावाच्या मळेवाल्याकडे स्टीफन नावाचा तरुण होता. लोहारकामही तोच करी. तंबाखू वाळवण्याच्या कोठीत रात्री शेकोटी राखायची, हे त्याचे काम. एका पावसाळी रात्री त्याला डुलकी लागली. जागा होऊन बघतो तर विस्तव विझत आलेला! मालकाच्या धाकाने त्याने भट्टीजवळचे कोळसे आणून निखाऱ्यांवर टाकले. एकदम कडक आणि बिनधुराची उष्णता झाली, आणि पाने काळपट होण्याऐवजी लखलखीत पिवळी झाली. तिला भाव चढा मिळाला. पुढे लोखंडी नळांतून उष्णता खेळवून धूर बाहेर ठेवण्याची पद्धत निघाली. आंध्रात गुंटूरकडे विसाव्या शतकात पसरली ती हीच व्हर्जिनिया तंबाखू. स्टीफन मात्र गुलामच राहिला. यादवी युद्ध संपून १८६५ साली गुलामगिरी गेली तेव्हाच त्याची सुटका झाली.

त्या पिवळ्या पानात झाले काय? मंद उबेत पानातल्या पिठाची साखर होते आणि ती साखर संपायच्या आत पान वाळून जाते. अशा पानाचा धूर अल्कधर्मी नसतो, किंचित आम्ल असतो. पाइपमध्ये ही तंबाखू अजूनही घाईच्या माणसाची जीभ पोळते, कारण साखर तापते. १८६४ साली ओहायोत पांढरट पानांची बर्ले नावाची जात निघाली. तिच्यात साखर नाही, पण मध, साखर, ज्येष्ठमध यांचे पाणी ती स्पंजासारखी पिते. पाइपवाले या दोघींची नाना मिश्रणे करून आपापल्या जिभेला मानवेल ती शोधत बसतात. तो त्यांचा छंद आहे.

खरा घोटाळा पाइपच्या बाहेर झाला. हाच पिवळ्या पानाचा मवाळ धूर कागदाच्या सुरळीत बांधला, आणि १८८१ साली बॉन्सॅकच्या यंत्राला पेटंट मिळाल्यावर अशा सुरळ्या लाखांनी निघू लागल्या. आम्ल धुरातून तोंडावाटे निकोटिन फारसे मिळत नाही. तलफ भागवायची तर तो छातीतच घ्यावा लागतो, आणि तो मवाळ असल्याने घेता येतो. उग्र धूर छातीत घेऊन पाहा, ठसका लागून बाहेर येईल. जीभ आणि घसा दाराशी पहारा करीत होते. आपण तो पहाराच झोपवला.

त्याचा हिशेब १९५० साली बाहेर आला. डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघा इंग्रज संशोधकांनी लंडनच्या इस्पितळांतल्या रोग्यांना विचारून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धूम्रपानाशी संबंध दाखवला. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल आला. त्यात सिगारेटवर ठपका होता आणि पाइपलाही सूट नव्हती. ओठाच्या कर्करोगाला पाइप कारण होतो, असे त्यात सांगितले होते. जिथे चरचरत होते, तिथेच! आपल्याकडे चुना-तंबाखूची गोळी गालात ज्या बाजूला धरतात, त्याच बाजूला गाठ येते, हे इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारा.

त्या अहवालानंतर पुष्कळ सिगारेटवाले घाबरून पाइपकडे वळले. पाइपवाला धूर गिळत नाही, तेव्हा धोका कमी, असा त्यांचा हिशेब. पण जुन्या पाइपवाल्याला त्याच्या जिभेने तोंडातच थांबायला शिकवले होते. यांना छातीत ओढायची सवय वर्षानुवर्षे जडलेली. पुढे संशोधकांनी तपासले तेव्हा आढळले की, सिगारेट सोडून पाइप धरलेल्यांपैकी बरेच जण पाइपचा धूरही छातीतच घेत होते.