आमदारकी गेली, सातबारा राहिला



आपल्या भद्रावतीच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ होता. 2008 च्या फेररचनेनंतर तो वरोरा झाला. त्या जुन्या मतदारसंघाची ही गोष्ट.

शरद जोशींची शेतकरी संघटना सुरुवातीला निवडणुकीपासून लांब होती. मागणी एकच, घामाचं दाम. पण तेव्हा एकाधिकार योजनेत आपला कापूस सरकार घ्यायचं आणि भावही सरकारच ठरवायचं. मग 1990 साली संघटनेची माणसं जनता दलाकडून उभी राहिली. भद्रावतीतून अ‍ॅड. मोरेश्वर टेमुर्डे, राजुऱ्यातून अ‍ॅड. वामनराव चटप, वर्धा जिल्ह्यातून सरोजताई काशीकर निवडून आल्या. टेमुर्डे विधानसभेचे उपाध्यक्षही झाले. पण 1995 ला ते हरले. शरद जोशींनी 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला होता; 1995 ला तेही पडले. मोजकी वर्षं, मोजक्या जागा.

मग उरलं काय? आम्हाला वाटतं, उरलं ते बायांचं काम. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. पुढे 'लक्ष्मीमुक्ती' सुरू झाली. घरधन्यानं वावराचा एक तुकडा बायकोच्या नावावर करायचा. गावात शंभर घरांनी असं केलं, की शरद जोशी स्वतः त्या गावात येत. त्यासाठी कायद्याची वाट पाहिली नाही, मतं मागितली नाहीत.

कायदाही आला. 1994 मध्ये महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात लेकींना वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा वाटा दिला. पण तेव्हा ज्यांची लग्नं झाली होती, त्या वगळल्या गेल्या. त्यांना 2005 च्या देशभरच्या दुरुस्तीनं हक्क मिळाला. आपल्या गोंड, माडिया बहिणींना मात्र हा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी घरच्यांनी आपणहून नाव लावणं जास्तच मोलाचं.

निंदण आपण करतो, कापूस आपण वेचतो. पण नवरा गेल्यावर पीककर्जाला गेलं, की पहिला प्रश्न येतो, सातबारा कोणाच्या नावे?

म्हणून पुढच्या बचत गटाच्या बैठकीला प्रत्येकीनं घरचा सातबारा आणायचा. भोगवटादाराच्या रकान्यात आपलं नाव आहे का, ते एकमेकींना वाचून दाखवायचं. नसेल, तर सगळ्यांनी मिळून तलाठ्याकडे जायचं. आमदारकी पाच वर्षांची असते. सातबाऱ्यावरचं नाव लेकरांनाही पुरतं.