चाकोरी: आजीची बैलगाडी, माझी जीप आणि माळेगावची वाट

आजचा भाग पुण्याच्या फ्लॅटमधून नाही, थेट चुडाव्याहून रेकॉर्ड करतोय. मध्येच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या. चुडावा म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं माझं गाव, नांदेड-पूर्णा लाईनवरचं छोटं स्टेशन.

आजचा विषय आहे फॅमिली घेऊन ऑफ-रोड गाडी चालवायची, रानात मुक्काम करायचा, त्याची सुरुवात कशी करायची. तुम्ही म्हणाल, हा तर इतिहासाचा पॉडकास्ट! थांबा जरा. आधी माझी फजिती ऐका.

गेल्या वर्षी मी सेकंडहँड फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेतली. बीटेक झालेला माणूस, चार महिने व्हिडिओ बघून सगळं समजलं असं वाटत होतं. ऑक्टोबरमध्ये गावी आलो आणि आई, बायको, तीन वर्षांची लेक आणि आजीला घेऊन शेताकडं निघालो. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. पाणंद वरून वाळलेली दिसत होती. शंभर-दीडशे फूट आत गेलो आणि गाडी फसली. मी रेस दिली, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी आणखी खाली बसली. दिवस मावळायला आलेला, लेक रडायला लागली, मोबाईलला रेंज येऊन-जाऊन.

मागच्या सीटवरून आजी म्हणाली, "लेकरा, चाक फिरवू नको. आधी आम्हाला उतरव."

सगळे उतरले. बांधावर रचून ठेवलेल्या तुराट्या आजीनं चाकाखाली घालायला लावल्या. तरी गाडी हलली नाही. शेवटी चुलत्यानं ट्रॅक्टर आणला तेव्हा सुटलो. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "लेकरं आणि म्हातारं माणूस घेऊन असले खेळ करायचे नाहीत." बरोबरच होतं ते.

त्या रात्री मी आजीला विचारलं, तुला हे सगळं कसं माहीत? तर म्हणाली, "अरे, आम्ही गाडीनं माळेगावला जायचो की." गाडी म्हणजे बैलगाडी. तिथून पुढं जे ऐकलं आणि मग जे वाचलं, ते आज सांगतोय.

माळेगाव नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात आहे. तिथं खंडोबाची मोठी यात्रा भरते, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून. घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळ्यांचा बाजार भरतो. आज नांदेडवरून डांबरी रस्त्यानं गेलं तर दोन तासांचं काम. आजी सांगते ती गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या बरीच आधीची. बाबा तेव्हा आठ महिन्यांचे होते आणि त्यांचाच नवस फेडायचा होता. बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालणार, त्यामुळं वाटेत दोन मुक्काम ठरलेले. गाडीवर तट्ट्याचं छप्पर, आत कडबा अंथरलेला, त्यावर गोधडी. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची घागर आणि वंगणाचा नळा. तान्हं लेकरू घेऊन दोन रात्री उघड्या रानात! आता सांगा, फॅमिली ऑफ-रोड कॅम्पिंग याला म्हणायचं नाही तर कशाला?

आता एक शब्द बघू. आपण म्हणतो "चाकोरीबाहेर विचार कर". चाकोरी म्हणजे मुळात काय? बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खोल रेघ. लाकडी चाकावर लोखंडी धाव असायची, अरुंद आणि कडक. एकामागून एक गाड्या जाऊन तिची चाकोरी पडायची आणि मग पुढची गाडी आपोआप त्याच रेघेत चालायची. म्हणजे "चाकोरीबाहेर" याचा शब्दशः अर्थच ऑफ-रोड! पण गंमत अशी की गाडीवान मुद्दाम चाकोरीत राहायचा. ती वाट आधीच्या शंभर गाड्यांनी तपासलेली असायची. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, टेस्ट झालेला कोड.

आणि घरदार घेऊन असा प्रवास करण्यात मराठवाडा फार जुना आहे. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या भारतात अनेकदा येऊन गेला. सुरतहून औरंगाबादमार्गे गोवळकोंड्यापर्यंत त्याचा प्रवास झाला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ साली छापलं गेलं. त्यात तो धान्य आणि मीठ वाहणाऱ्या लमाणांच्या तांड्यांबद्दल लिहितो: एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल, सोबत बायका, लेकरं आणि तंबू. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की बाकीच्यांना थांबून राहावं लागायचं. आपण वीकेंडला करतो ते त्यांचं आयुष्य होतं, आणि ते मौजेचं नव्हतं. पुढं रेल्वे आली, मालवाहतूक हातची गेली, आणि इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली अशा कितीतरी भटक्या समाजांवर शिक्का मारला. रानातला मुक्काम ज्यांचा हक्क होता त्यांचाच तो गुन्हा ठरायला लागला. तंबू ठोकताना हे आठवलं पाहिजे.

आमच्या भागात रेल्वे आली १९०० च्या सुमारास, निजामाच्या काळात. गोदावरी खोऱ्यातून मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज लाईन झाली, तीच आमच्या चुडाव्यातून जाते. १९३२ साली निजामाच्या रेल्वेनं २७ गाड्या घेऊन बससेवाही सुरू केली. मग आजी साठच्या दशकातसुद्धा बैलगाडीनं का जात होती? कारण रेल्वे आणि बस तुम्हाला स्टेशन ते स्टेशन नेतात. तुमच्या दारापासून देवाच्या दारापर्यंत, लेकरू, भांडीकुंडी, नवसाचं सामान आणि मुक्कामाला घर असं सगळं नेणारी गाडी एकच होती.

आता जीप. १९४० साली अमेरिकन सैन्याला छोटी, हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ४९ दिवसांत नमुना तयार करून दिला. पण मोठं उत्पादन केलं विलीज आणि फोर्डनं, दुसऱ्या महायुद्धात मिळून सहा लाखांहून जास्त. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्रानं १९४७ मध्ये मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढं तालुक्याच्या साहेबापासून ते वडापच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी ती चालवली. म्हणजे हौशी लोकांनी हात लावायच्या आधी ही कामाची गाडी होती, बैलगाडीसारखीच.

आणि दोघींचं गणितही एकच आहे. वजन किती जागेवर पडतं यावर चाक रुततं की तरंगतं ते ठरतं. लोखंडी धाव अरुंद, म्हणून रुतते. पुढं बैलगाडीला रबरी टायर आले, खेड्यात त्यांना "डनलॉपची गाडी" म्हणतात, ती मऊ रानात सोपी गेली. आपण वाळूत टायरची हवा कमी करतो ते याचसाठी. टायर जमिनीवर पसरतो आणि वजन वाटलं जातं. पण आपल्या काळ्या मातीत एक मेख आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओली असली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर गुळगुळीत होतो. मग हवा कमी करा नाहीतर फोर-व्हील टाका, फार फरक पडत नाही. यावर एकच उपाय, ओल्या रानात जायचंच नाही.

आता यात्रेची तिथी बघा. मार्गशीर्ष संपत आलेला. खरीप निघालेलं, पाऊस संपून दोन महिने झालेले, रान टणक, नदीला उतार मिळालेला. यात्रेचं कॅलेंडर म्हणजे ऑफ-रोडचं सीझन-चार्टच आहे. मी ऑक्टोबरमध्ये निघालो होतो, आणि तिथंच चुकलो.

आजीच्या बाकीच्या रीती अशा. एकटी गाडी कधीच निघायची नाही, चार-पाच मिळून निघायच्या. चढाला किंवा चिखलात गाडी अडली की माणसं आधी खाली उतरायची, मग मागच्या गाडीचे बैल सोडून पुढं जुंपायचे. नदीत गाडी घालायच्या आधी एक माणूस काठी घेऊन चालत पलीकडं जाऊन यायचा. मुक्काम पाण्याजवळ, पण पात्रात नाही. आणि कुणाच्याही रानात उतरायचं तर आधी मालकाला विचारायचं. यातली एकही गोष्ट आज जुनी झालेली नाही. फक्त बैलजोडीच्या जागी दुसरी गाडी आणि ओढायचा पट्टा आला.

एक गोष्ट मला नवीन कळली. आपल्या गाव-नकाशात हे जुने रस्ते नोंदलेले असतात. एक तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, दोन तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरलेली. प्रत्यक्षात जाऊन बघा, कितीतरी पाणंदी दोन्हीकडून नांगरून सहा फुटांवर आल्यात. शेतमाल बाहेर काढायला जागा नाही म्हणून भाऊ-भाऊ तहसीलमध्ये उभे राहतात. आपल्याला ऑफ-रोड ही मजा वाटते, पण ज्याचा ऊस किंवा हळद त्याच वाटेनं निघते त्याचं वर्ष त्या वाटेवर असतं. म्हणून उभ्या पिकातून, ओल्या पाणंदीतून गाडी घालून ती उखडू नका.

तर पुढं काय झालं? आजीला परत एकदा माळेगावला जायचं होतं, मुक्काम करत. बाबा नको म्हणत होते. शेवटी चुलत्याची पिकअप सोबत घेतली तेव्हा तयार झाले. मार्गशीर्षाच्या शेवटी निघालो. आजीच्या आठवणीतला गोदावरीचा उतार आता पाण्याखाली आहे. नांदेडजवळ विष्णुपुरीला पाणी अडवल्यापासून नदी बदलली, म्हणून पुलावरून गेलो. लोहा तालुक्यात पाहुण्यांच्या सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात मुक्काम केला. जिथं डांबर सोडलं तिथं मी आधी चालत जाऊन माती बघून आलो. बाबा लांबून बघत होते, काही बोलले नाहीत.

रात्री थंडी होती. आजीनं तंबूत झोपायला नकार दिला, पिकअपमध्ये कडब्यावर गोधडी टाकून झोपली. झोपताना विचारलं, "गाडीखाली कंदील बांधला का?" पूर्वी बांधायचे म्हणे. मी एलईडीचा दिवा जीपच्या खाली लटकवला. बाबा उठून आले, त्यांनी गाठ तपासली आणि परत घट्ट बांधली.

तर मंडळी, सुरुवात करायची असेल तर आधी गाडीच्या शोरूमला जाऊ नका. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुम्ही यात्रेला कोणत्या वाटेनं जायचा, मुक्काम कुठं पडायचा. मग गावाचा नकाशा काढा आणि त्या दोन तुटक रेघा शोधा. सापडल्या तर मला ऑडिओ मेसेज करा, तुमच्या आजी-आजोबांच्या आवाजात असेल तर आणखी छान. भेटू पुढच्या भागात. येळकोट येळकोट, जय मल्हार!