लहरी कुणाला म्हणायचं?

साहेब लहरी, पाऊसही लहरी. आपण सहज बोलून जातो. संस्कृतात लहरी म्हणजे लाट. जगन्नाथ पंडितांच्या 'गंगालहरी'तली तीच. मराठीत सापाच्या विषाचीही लहर येते, अन् मनाचीही. आली तशी ओसरते.

पण 'लहरी महंमद' घ्या. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला आणली, तिला दौलताबाद केलं, काही वर्षांत पुन्हा दिल्ली! दख्खन सांभाळायला जागा वाईट नव्हती हो. हाल झाले सक्तीने हलवलेल्या माणसांचे. ती नुसती लहर नव्हती, हुकूम होता.

म्हणून नळाच्या पाण्याचं वेळापत्रक दर आठवड्याला बदलणाऱ्या कारभाराला मी तरी लहरी म्हणणार नाही. त्या प्रत्येक आदेशाखाली कुणाची तरी सही असते.