बर्फाच्या गावचा पाहुणा

नरकचतुर्दशीचे अभ्यंग आटोपले, दोन चकल्या तोंडात टाकल्या, की दहिसर नदीकाठी एक फेरी मारायची, हा माझा जुना नेम. तुळशी तलावाकडून बोरीवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून येणारी ही नदी. पाऊस सरला की तिला नदी म्हणायला जीभ अडखळते! पण तिच्या खडकावर शेपूट खालीवर करणारा पिवळ्या पोटाचा करडा परीट दिसला, की माझी दिवाळी सुरू होते.

हे महाशय मूळचे हिमालयाकडचे. तिथल्या रहिवाशांच्या बर्फात तगण्याच्या युक्त्या नाना परींच्या. हिमबिबट्याचे पंजे रुंद आणि केसाळ, म्हणून तो भुसभुशीत बर्फात रुतत नाही. ब्रह्मकमळाचे काही भाऊबंद तर अंगभर लोकरच पांघरून बसतात. पण किड्यांवर जगणाऱ्या या मूठभर पाखराचे लोकरीने काय भागणार? ओढा गोठला की त्याचे अन्नच संपले. त्याची युक्ती एकच: बिऱ्हाड हलवावे.

अशा पाखरांच्या वाटा माणसाला कळल्या त्या पायांतल्या वळ्यांमुळे. धारच्या पवारांच्या संस्थानात १९२६ च्या सुमारास बदकांना अशी वळी घातली गेली. पण खरी चालना दिली ती एका रोगाने. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली, माणसेही तापाने फणफणली. गोचिडीतून पसरणारा तो विषाणू रशियातल्या एका रोगाच्या कुळातला निघाला आणि संशय गेला तो उत्तरेकडून येणाऱ्या पाहुण्यांवर! १९५९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने हजारो पाखरांना वळी घालण्याचे काम हाती घेतले. सूत्रधार सालिम अली. पाखरांवरचा आळ काही सिद्ध झाला नाही, पण त्यांच्या वाटा मात्र उलगडल्या.

मुंबईतल्या एका हिरवळीवर वळे घातलेला करडा परीट पुढे लागोपाठ काही हिवाळे त्याच हिरवळीवर परतल्याची हकीकत सालिम अलींनीच सांगितली आहे. एवढा हिमालय ओलांडून नेमके तेच अंगण!

म्हणूनच मला धास्ती वाटते. उद्यानाबाहेर पडताच आमची नदी सांडपाण्याने काळवंडते. गेल्या दिवाळीत पुलापाशी तासभर थांबलो, परीट आला नाही. शेवटी उद्यानात, नितळ पाण्याच्या काठी भेटला. यंदा नातीला घेऊन थेट आतच जाणार आहे. दुर्बीण तिने आधीच गळ्यात अडकवली आहे.