तळटीप : 'ग्रँड लार्सनी'

* 'ग्रँड लार्सनी'चे 'मोठी चोरी' असे मराठीकरण मुद्दाम टाळले आहे. मोठी म्हणजे किती, हे अमेरिकेत प्रत्येक राज्य आपापले ठरवते. व्हर्जिनियात ही मर्यादा सध्या १,००० डॉलर आहे. २०१८च्या जुलैपर्यंत ती फक्त २०० डॉलर होती. म्हणजे दुकानातून एखादा बरा कोट लांबवला तरी गुन्हा 'फेलनी'त, म्हणजे गंभीर गुन्ह्यांत, जाई. खिसा कापला असेल तर आजही ५ डॉलर पुरतात, आणि बंदुकीच्या चोरीत किंमत पाहतच नाहीत. शिक्षा १ ते २० वर्षे. मात्र ती १२ महिन्यांपर्यंत किंवा नुसत्या दंडापर्यंतही खाली येऊ शकते.

प्रकरण आधी जनरल डिस्ट्रिक्ट कोर्टात जाते. तिथे आरोपात तथ्य दिसते का, एवढेच पाहतात. पुढे ग्रँड ज्युरी, मग सर्किट कोर्ट. चित्रपटांतली ज्युरीसमोरची जुगलबंदी क्वचितच घडते. खरा निकाल बहुधा दोन वकिलांच्या बोलण्यात लागतो : आरोपीने गुन्हा कबूल करायचा, मालकाला भरपाई द्यायची आणि आरोप 'पेटिट लार्सनी'वर, म्हणजे किरकोळ चोरीवर, उतरवून घ्यायचा. कबुली स्वखुशीची आहे ना, हे न्यायाधीश आरोपीलाच विचारतात. प्रस्तुत प्रकरणातील नायकाचे तीनदा 'येस, सर' हे त्याचेच उत्तर आहे. ते लाचारीचे समजू नये.

आपल्याकडे चोरीच्या कलमात रकमेची अशी मर्यादा नव्हती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती आली : ५,००० रुपयांखालची पहिलीच चोरी असेल आणि माल वा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची.
— संपा.