नागरिकत्वाचा दाखला कोणी मागावा?

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. घराला कवाड न लावण्याची तेथील रीत सर्वश्रुत आहे. परंतु कवाड नसले म्हणून घरचा कोण आणि परका कोण, हा प्रश्न काही सुटत नाही. गावात तो ओळखीने सुटतो; राज्यात तो कागदावर येतो. हा कागद कोणी मागावा, याची एक कथा याच तालुक्याच्या सीमेवर घडली आहे.

नेवाशाच्या उत्तरेस गोदावरी वाहते. १९४७ पर्यंत अलीकडचे टोके इंग्रजी मुलखात, तर पलीकडचे कायगाव निजामाच्या राज्यात होते. भाषा एक, सोयरीक एक. पण पलीकडे सरकारी नोकरी हवी, तर ‘मुलकी’ असावे लागे. १९१९ च्या नियमांप्रमाणे जन्माने संस्थानचा प्रजाजन असलेला तो मुलकी. बाहेरच्याला १५ वर्षांचा कायम रहिवास दाखवावा लागे. शिवाय मूळ गावी परतण्याचा विचार सोडला, असे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढे करावे लागे. मुलकी पुरुषाची पत्नीही मुलकी ठरे. म्हणजे टोक्याची मुलगी कायगावी दिली, की ती मुलकी. आणि तिला माहेरी न्यायला आलेला सख्खा भाऊ गैरमुलकी!

स्वतंत्र भारताच्या घटनेने हा भेद नागरिकत्वात ठेवला नाही. भारतात जन्म आणि भारतात कायमचे वास्तव्य, एवढ्यावर पाचव्या कलमाने दोन्ही काठांचा शेतकरी एकाच देशाचा नागरिक झाला. त्यासाठी कोणी अर्ज केला नाही. नोकरीतील रहिवासाच्या अटी मोडण्यासाठी मात्र संसदेला १९५७ मध्ये कायदा करावा लागला.

मग दाखला कोणासाठी? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे नोंदणीने वा देशीयकरणाने नागरिक होणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. आणि १३ व्या कलमान्वये, ज्याच्या नागरिकत्वाविषयी शंका उत्पन्न झाली असेल, त्यास केंद्र सरकार योग्य वाटल्यास दाखला देऊ शकते. लबाडीने मिळवलेला नसेल, तर तो निर्णायक पुरावा होय. म्हणजे हा कागद सर्वांसाठी नसून शंकेत सापडलेल्यासाठी आहे.

तथापि १ जुलै १९८७ पासून केवळ भारतातील जन्म पुरेसा राहिला नाही. आईबापांपैकी एकजण तरी नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. आता लेकराचा हक्क आईबापांच्या कागदांवर टेकला आहे. ऊसतोडीच्या वाटेवर, पालात जन्मलेल्या मुलाची नोंद कोण करतो? शंका येते ती कागद नसलेल्या गरिबावरच. म्हणून जन्माची नोंद वेळेवर होईल, हे पाहणे गावाचेच काम आहे. शेजाऱ्याची ओळख गावाला असते. ती सरकारदप्तरी पोचवली, तर पुढे कोणाला स्वतःच्याच घरात परक्यासारखे उभे राहावे लागणार नाही.